शब्दचर्चा: दाण्याचं 'श्वसन' आणि ऊर्जेचं क्रियापद

शिक्षिका, लातूर

मंडळी, एका शब्दावर अडले आहे. दहावीच्या वह्या तपासत होते. प्रश्न साधा होता: पेशीय श्वसन म्हणजे काय? वहीमागून वही तेच वाक्य: 'श्वसन फुप्फुसात होते व त्यातून ऊर्जा तयार होते.' मुलांनी हे घोकून लिहिलेलं नाही, समजून लिहिलंय. म्हणूनच जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी वर्गात विचारलं, "कणगीतली ज्वारी श्वसन करते का?" पोरं हसली. दाण्याला ना नाक, ना छाती.

मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. 'श्वसन' हा शब्द मुलांना सरळ छातीकडं घेऊन जातो. 'श्वासोच्छ्वास' (हवा छातीत आत-बाहेर होणं) वेगळा आणि 'पेशीय श्वसन' (पेशीत साखर मोडून ऊर्जा सुटणं) वेगळं असं आम्ही शिकवतो, पण कानाला दोन्हींत श्वासच ऐकू येतो. याला दुसरा शब्द आहे का? आणि ऊर्जेला क्रियापद कोणतं लावायचं? ऊर्जा निर्माण करता येत नाही, नष्ट करता येत नाही, हे हीच मुलं भौतिकशास्त्राच्या तासाला बिनचूक सांगतात आणि पुढच्या तासाला पेशीत ऊर्जा 'तयार' करतात.

शेतकरी, औसा

मॅडम, ज्वारी श्वास घेते. आमच्या आज्याला हे माहीत होतं, फक्त तुमचा शब्द माहीत नव्हता.

आमच्या वाड्यात पेव होतं. आताच्या लेकरांनी बघितलं नसंल म्हणून सांगतो. जमिनीत खोल खड्डा, तोंड अरुंद, आत पोट मोठं. कडंनं कडबा-भुसकट लावून ज्वारी भरायची, वर दगड ठेवून मातीनं लिंपून घ्यायचं. दुष्काळाची बेगमी होती ती. पण पेव उघडायचा एक नेम होता. तोंडावरचा दगड काढला की लगेच कुणी उतरायचं नाही. बराच वेळ तसंच उघडं ठेवायचं, मग दोरीला कंदील बांधून खाली सोडायचा. कंदील विझला तर माणूस उतरत नाही. आजा म्हणायचा, "आत वाफ कोंडलीय." नेम मोडून उतरला आणि वर आलाच नाही, अशा गोष्टी आमच्याकडं गावोगाव ऐकायला मिळतात.

आता दुसरं. सोयाबीन ओली असताना ढीग मारला आणि ताडपत्री टाकली, की दोन-तीन दिवसांनी ढिगात कोपरापर्यंत हात घालून बघा. आतून कढत लागतंय. आम्ही म्हणतो, "ढीग तापूलालाय." बाहेर थंडी, मग आत जाळ कुणी लावला? मोंढ्यात ओलावा १२ टक्क्यांच्या वर दाखवला की भाव उतरतो, तेवढं आम्हाला कळतं. ढीग का तापतो हे कुणी सांगितलं नाही.

शिक्षिका, लातूर

दादा, पेव आणि ढीग, दोन्ही माझ्याच प्रश्नाची उत्तरं आहेत. मला वर्गात हे सुचायला हवं होतं.

साठवलेला दाणा मेलेला नसतो. त्याच्या पेशी साठ्यातली साखर हळूहळू मोडतात, त्यासाठी ऑक्सिजन घेतात आणि कार्बन डायऑक्साइड सोडतात. दाण्यांवरची बुरशी आणि किडेही तेच करतात. पेव बंद असतं तोवर आतला ऑक्सिजन संपत जातो. कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड, तो तळाशी बसून राहतो. तुमच्या आज्याची 'वाफ' ती हीच. (कंदील जळत राहिला म्हणजे आत धोका नाही असं मात्र आज कुणी धरू नये. पेव असो की आड, आधी हवा खेळवा आणि एकट्यानं उतरू नका.)

कोरड्या दाण्यात हे काम अगदी संथ चालतं. ओलावा वाढला की दाण्याचं आणि बुरशीचं, दोघांचंही श्वसन वाढतं. त्यातून पाणी सुटतं, उष्णता सुटते, त्या ओलाव्यानं आणि उबेनं श्वसन आणखी वाढतं. जाळ कुणी लावलेला नाही, तो दाण्यातच होता.

निवृत्त भाषाशिक्षक, नांदेड

ताई, श्वसनाचं मूळ 'श्वस्' धातूत आहे, त्याचा अर्थ श्वास घेणं. त्यामुळं मुलं चुकतात असं मला वाटत नाही. शब्दाचा जो अर्थ आहे तोच ती लावतात. आणि ही अडचण एकट्या मराठीची नाही. आमच्या घरातली आधीची पिढी निजामाच्या राज्यात उर्दूतून शिकली. उस्मानिया विद्यापीठात तर विज्ञानही उर्दूतून शिकवत. उर्दूत श्वसनाला 'तनफ्फुस' म्हणतात. तोही 'नफस', म्हणजे श्वास, यावरूनच आला. इंग्रजी शब्दाचं लॅटिन मूळही श्वासच. साऱ्यांनी छातीचं हलणं आधी पाहिलं, पेशी फार उशिरा दिसली. नाव मात्र आधीचंच राहिलं.

पण आपल्या बोलीत एक शब्द आहे, त्याकडं लक्ष वेधतो: 'दम'. फारसीत दम म्हणजे श्वास. आपण "दम लागला" म्हणतो तेव्हा श्वास असतो. "अंगात दम नाही" म्हणतो तेव्हा ताकद असते. "यंदाच्या पिकात दम नाही" म्हणतो तेव्हा तर छातीचा संबंधच उरत नाही. श्वास आणि बळ यांचं नातं या एका शब्दानं धरून ठेवलंय. पाठ्यपुस्तकात तो चालणार नाही हे मान्य. त्यात धाक येतो, दमाही येतो. पण समजावताना तो हाताशी असू द्या.

'ऊर्जा'ही पाहण्यासारखा शब्द आहे. वैदिक 'ऊर्ज्' म्हणजे बळ, आणि बळ देणारा अन्नरसही. कार्तिकाचं जुनं नाव 'ऊर्ज', आश्विनाचं 'इष'. खरीप घरात यायचे हे महिने. अन्नात बळ असतं, हे त्या शब्दात आधीपासून होतंच.

जीवरसायनशास्त्राचा विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर

मॅडमच्या दुसऱ्या प्रश्नावर लिहितो. माझ्या मते खरी चूक तिथंच आहे. 'श्वसन' ठेवलं तरी चालेल, 'तयार होते' मात्र काढायलाच हवं.

ढीग तापण्याचा प्रयोग फ्रान्समध्ये १७८०च्या दशकात झालाय, वेगळ्या रूपात. लाव्हाझिए आणि लाप्लास या शास्त्रज्ञांनी एक गिनीपिग बर्फानं वेढलेल्या भांड्यात ठेवला. त्याच्या उबेनं किती बर्फ वितळतो ते मोजलं आणि त्यानं सोडलेल्या वायूशी त्याचा ताळा घालून पाहिला. श्वसन म्हणजे मंद ज्वलन, असं त्यांनी मांडलं. चुलीत काडी एका दमात जळते. पेशीत तीच साखर पायरीपायरीनं मोडते आणि प्रत्येक पायरीवर थोडी ऊर्जा हाती लागते.

किती हाती लागते? १८० ग्रॅम (म्हणजे एक मोल) ग्लुकोज पूर्ण जळलं तर सुमारे २,८७० किलोज्यूल ऊर्जा सुटते. पेशी ग्लुकोजच्या एका रेणूमागे ३० ते ३२ एटीपी, म्हणजे कामासाठी ऊर्जा पुरवणारे रेणू, घडवते (जुन्या पुस्तकांत ३८ आहे, तो आकडा आता धरत नाहीत). एका मोल एटीपीमागे ३०.५ किलोज्यूल धरले, तर साधारण एक तृतीयांश ऊर्जा कामाला येते. उरलेली उष्णता होते. आपलं अंग उबदार असतं ते यामुळंच, आणि दादांचा ढीगही.

एटीपीला 'ऊर्जेचं चलन' म्हणतात. मला त्याहून आपलं 'मोड' जवळचं वाटतं. पाचशेची नोट घेऊन टपरीवर गेलं तर चहावाला आधी मोड मागतो. ग्लुकोज ही मोठी नोट. स्नायू आखडायला, आयन पेशीबाहेर ढकलायला, प्रथिनं जोडायला एवढी मोठी नोट चालत नाही. ती मोडावी लागते. आणि मराठीत नोटही मोडतो, साखरही मोडते, मटकीला येतात तेही मोडच. मटकी भिजली की तिच्या साठ्यातलं पिष्ट मोडायला लागतं, त्यावरच कोंब वर येतो.

ही मोड मात्र साठवून ठेवायची नसते, ती सतत फिरते. शरीरात एका वेळी एटीपी पाव किलोही नसतं, पण दिवसभरात जवळजवळ आपल्या वजनाइतकं एटीपी मोडतं आणि पुन्हा जुळतं. हा रेणू १९२९ साली सापडला, जर्मनीत कार्ल लोमान यांना आणि स्वतंत्रपणे हार्वर्डला फिस्के आणि येल्लाप्रगडा सुब्बाराव यांना. सुब्बाराव आंध्रातले. आपल्या मुलांना हे नाव माहीत असायला हवं, असं मला फार वाटतं.

आणखी एक वाक्य वह्यांतून काढा: 'बंध तुटला की ऊर्जा सुटते.' बंध तोडायला ऊर्जा लागते. सुटते ती नवे बंध जुळताना. तोडजोडीचा हिशेब करून उरेल ती आपली.

म्हणून क्रियापदं अशी सुचवतो. पानात सूर्याची ऊर्जा धरली जाते. साखरेत, पिष्टात ती साठते. श्वसनात सुटते. त्यातली काही एटीपीत बांधली जाते, कामात खर्ची पडते, आणि शेवटी सगळीच उष्णता होऊन विखुरते. 'तयार होते' कुठंच लागत नाही.

शिक्षिका, लातूर

'मोड' आवडला. मग तंतुकणिकेतल्या (पेशीतल्या श्वसनाचं बरंच काम जिथं चालतं त्या भागातल्या) 'प्रवणते'चं काय करू? 'प्रोटॉन प्रवणता' म्हटलं की वर्ग हातातून सुटतो.

जीवरसायनशास्त्राचा विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर

पैठणला न्या त्यांना, निदान फळ्यावर. नाथसागरात धरणाच्या भिंतीच्या एका अंगाला पाणी उंच उभं असतं. ते खाली येताना टर्बाइन फिरतं. तंतुकणिकेच्या आतल्या पटलापलीकडं प्रोटॉनांचा असाच साठा चढवलेला असतो, आणि ते परत येताना एक प्रथिन खरोखर गरगर फिरतं, त्यातून एटीपी जुळतं. प्रोटॉनांच्या साठ्यावर एटीपी जुळतं ही कल्पना पीटर मिचेल यांनी १९६१ साली मांडली, तेव्हा ती बराच काळ अनेकांना पटली नाही. नोबेल मिळायला १९७८ उजाडलं. 'प्रवणता' परीक्षेपुरती ठेवा, शिकवताना 'चढ-उतार' म्हणा.

नीटची तयारी करणारी, लातूर

'पेशी'वर बोला ना कुणी. हिंदी व्हिडिओत 'पेशी' म्हणजे स्नायू आणि आपली पेशी म्हणजे त्यांची 'कोशिका'. मी महिनाभर 'पेशी में ऊर्जा' ऐकून वेगळंच समजत होते. 'अपचय'ही मला अपचनच वाटायचं.

निवृत्त भाषाशिक्षक, नांदेड

बाळ, संस्कृतात पेशी म्हणजे मांसाचा तुकडा. हिंदीनं तो अर्थ धरला, मराठीनं नवा दिला. दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत, फक्त एका वहीत मिसळू नकोस. 'चय' म्हणजे रचणं, 'अपचय' म्हणजे रचलेलं उतरवणं. चयापचयात दोन्ही आले. 'पच्'शी, म्हणजे पचनाशी, त्याचा संबंध नाही.

गृहिणी, उदगीर

मी शिकवणारी नाही, पण 'किण्वन' हा शब्द लेकीच्या पुस्तकात वाचला आणि तिला विचारलं, हे काय? ती म्हणाली, "आई, ऑक्सिजनशिवाय साखर मोडणं." मी म्हटलं, मग आंबणं म्हण की. येळवशीला (वेळ अमावस्येला) शेतात नेतो ती आंबील कशी होते? ज्वारीचं पीठ ताकात कालवून ठेवलं की रात्रीतून आंबतं. दह्याला विरजण लावतो तेही तेच ना?

आणि दिवसभर रान खुरपून आलं की आम्ही म्हणतो, अंग आंबून गेलं. त्याचा याच्याशी काही संबंध आहे का?

जीवरसायनशास्त्राचा विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर

ताई, आंबील आणि दही दोन्ही तेच. ताकातले जीवाणू साखरेचं लॅक्टिक आम्ल करतात. या वाटेनं एका ग्लुकोजमागे दोनच एटीपी मिळतात. नोट मोडली, पण बहुतेक रक्कम त्या आम्लातच अडकून राहिली. जीवाणूंना जे काढता आलं नाही ते आपल्या वाट्याला येतं.

'अंग आंबणं' फार सुंदर आहे, पण पुरावा म्हणून वापरू नका. जोरानं पळताना स्नायूतही लॅक्टेट होतं हे खरं. ते तासा-दीड तासात निवळतं. दुसऱ्या दिवशी अंग दुखतं ते स्नायूंच्या तंतूंना झालेल्या बारीक इजेमुळं.

निवृत्त भाषाशिक्षक, नांदेड

'किण्व' मात्र कालचा शब्द नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात मद्याच्या प्रकरणात तो येतो. तरी वर्गात 'आंबणं' आधी आणि 'किण्वन' मागून, हाच क्रम बरा. नवे शब्दही असे घडतात की. 'मुरघास' बघा. हिरवा चारा हवाबंद दाबून आंबवतात, त्याला कुणी संस्कृत नाव देत बसलं नाही. 'मुरणं' आणि 'घास', झाला शब्द, आणि तो सगळ्या गोठ्यांतून चालतो.

शेतकरी, औसा

मग 'वाफसा'पण घ्या तुमच्या यादीत. काळ्या रानात पाणी साचलं की पीक पिवळं पडतंय. लोक म्हणतात पाणी जास्त झालं. पाण्यानं नाही मरत ते, मुळी गुदमरते. वाफसा म्हणजे मातीत ओलही आहे आणि हवाही आहे. मुळीला हवा कशाला लागते, हे तुमच्या श्वसनानं आत्ता कळलं.

शिक्षिका, लातूर

हो दादा. पाण्यातून ऑक्सिजन हवेपेक्षा सुमारे दहा हजार पट हळू सरकतो. मुळी जमिनीखाली, अंधारात, तिला पानासारखं ऊन धरता येत नाही. वरून आलेली साखर मोडूनच तिला जगायचं असतं.

'श्वसन' मी ठेवतेय. काल वर्गात पेवापासून सुरुवात केली. कंदील विझतो म्हटल्यावर कुणी हसलं नाही. शेवटी एका मुलानं विचारलं, "मॅडम, ज्वारी हुरड्यात असते तेव्हा दिवसा प्रकाशसंश्लेषण आणि रात्री श्वसन, असं ना?" हेही वाक्य मी शेकडो वह्यांत वाचलंय. त्याला सांगितलं, ऊन धरणं दिवसाच, पण श्वसन रात्रंदिवस. दिवसा पान घालवतं त्याहून जास्त कमावतं, म्हणून ते दिसत नाही. रात्री फक्त खर्च असतो.

शेतकरी, औसा

म्हणजे रात्री गरम गेल्या तर दाणा बारीक पडतो तो यानं? आमच्याकडं म्हणतात, थंडी धरली की गहू भरतो.

जीवरसायनशास्त्राचा विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर

यानंही. उबेत दाणा लवकर पिकून जातो, भरायला दिवस कमी मिळतात, हे एक कारण. दुसरं हेच, की गरम रात्री श्वसन वाढतं आणि दिवसाची कमाई सकाळपर्यंत कमी उरते.