‘तियागो’ या नावातला ‘त’

तियागो या पोर्तुगीज नावाचा अर्थ ‘टाच धरणारा’ असा सांगितला जातो. तो खोटा नाही, परंतु ज्या मूळ नावाचा तो अर्थ आहे त्यात ‘त’ मुळीच नाही. माझ्या मते या नावाची खरी कथा त्या आगंतुक ‘त’मध्येच आहे.

मूळ नाव हिब्रू ‘याकोव’. मराठी बायबलातला याकोब तो हाच, आणि कुराणातला याकूबही हाच. उत्पत्तीच्या पुस्तकातील पंचविसाव्या अध्यायात जुळ्या भावांच्या जन्माची हकिकत आहे. थोरला एसाव आधी बाहेर आला आणि पाठोपाठ आलेल्या धाकट्याने त्याची टाच घट्ट धरून ठेवली होती. हिब्रूत टाचेला ‘आकेव’ म्हणतात, त्यावरून हे नाव पडले. पुढे धाकट्याने वडिलांचा आशीर्वाद फसवून मिळवला, तेव्हा एसावाने संतापून याच नावाचा अर्थ ‘दुसऱ्याची जागा बळकावणारा’ असा लावला. अनेक अभ्यासक मात्र ‘देव रक्षण करो’ अशा अर्थाच्या लांब नावाचे हे आखूड झालेले रूप मानतात, आणि टाचेची कथा नंतर जोडली गेली असे म्हणतात.

ग्रीकमध्ये ‘इयाकोबोस’, लॅटिनमध्ये ‘इयाकोबुस’ असा प्रवास करत हे नाव इबेरियात, म्हणजे स्पेन-पोर्तुगालच्या द्वीपकल्पात, ‘इयागो’ झाले. येशूच्या बारा प्रेषितांपैकी याकोबाची कबर स्पेनच्या वायव्येकडील गालिसियात आहे अशी श्रद्धा असल्याने तेथे त्याची भक्ती फार वाढली, आणि लोक त्याचे नाव ‘संत’ या उपाधीसह, एका दमात घेऊ लागले : सांत्-इयागो, सांतियागो. पोर्तुगीजमध्ये स्वराने सुरू होणाऱ्या नावापूर्वी ‘सांतो’ आणि व्यंजनापूर्वी ‘सांव’ लावतात. सांतो आंतोनियो, पण सांव पेद्रो. साहजिकच, ‘सांतियागो’ हा जोडशब्द पुन्हा सोडवताना लोकांनी पदच्छेद चुकीच्या ठिकाणी केला आणि ‘सांव तियागो’ असे म्हटले. उपाधीचा ‘त’ अशा रीतीने नावाला कायमचा चिकटला. म्हणूनच ‘तियागो म्हणजे संत याकोब’ हे स्पष्टीकरण मला मान्य नाही, कारण संतपणाचे त्यात एवढे एकच व्यंजन उरले आहे. गालिसियात ‘इयागो’ हे नाव त्या व्यंजनाशिवाय आजही ठेवतात.

याच्या उलट घडल्याचे उदाहरण आपल्या ओळखीच्या शब्दात सापडते. नारिंग अरबीच्या वाटेने युरोपात गेले, आणि इटालियनमध्ये त्याचा आरंभीचा ‘न’ आधीच्या ‘उना’ या उपपदात विरून ‘आरांचा’ एवढेच उरले.

गोव्यात २४ जूनला फुलापानांची कोपेलां डोक्यावर घालून तरुण विहिरीत उड्या घेतात, त्या सणाचे नाव ‘सांजांव’ हे ‘सांव जुआंव’ (संत योहान) याचेच जोडरूप आहे. तेथेही उपाधी आणि नाव वितळून एक झाले. फरक इतकाच की ते पुन्हा कोणी फोडले नाही.

पोर्तुगालमध्ये उच्चार ‘त्यागु’कडे झुकतो, तर ब्राझीलच्या बऱ्याच भागांत ‘चियागु’ असा ऐकू येतो. ब्राझीलमध्ये ‘टी’नंतर ‘एच’ घालून लिहिण्याची रीतही रूढ आहे. त्या ‘एच’ला व्युत्पत्तीचा कोणताही आधार नाही.