केबल कारचा दिवस कसा आखावा?

रानवारा:
आईबाबा आणि सात वर्षांची लेक यांना घेऊन केबल कारने डोंगरावर जायचंय, एका दिवसात जाऊन-येऊन. आईचे गुडघे दुखतात, पण वरून दरी बघायची तिला फार हौस आहे. पायथ्याशी तळं आणि संग्रहालय आहे. ते आधी उरकून दुपारी निवांत वर जावं म्हणतेय. जमेल ना?

डोंगरवाट:
ताई, उलटं करा. आधी वर, मग खालचं. ऊन चढलं की दरीतली दमट हवा वर सरकते, माथ्यावर ढग साठतात आणि आईंना दरीऐवजी नुसतं पांढरं दिसेल. शिवाय वारा. रिमझिम पावसात बहुतेक केबल कार चालू असतात, पण वारा वाढला की बंद ठेवतात. केपटाउनच्या टेबल माउंटनवर हे नेहमीचंच. सकाळी बंद असली तर दुपारपर्यंत वाट बघता येते. दुपारी बंद झाली तर वर जाणं राहूनच जातं. वार्षिक देखभालीसाठीही सेवा काही दिवस बंद असते, तेव्हा तारीख ठरवण्याआधी विचारून घ्या.

आईंसाठी मुख्य गोष्ट म्हणजे केबिनचा प्रकार. दोन मोठ्या केबिन असतील, एक चढते तेव्हा दुसरी उतरते अशा, तर आत बहुधा उभंच राहावं लागतं. छोट्या केबिनची अखंड फिरणारी माळ असेल तर बसायला मिळतं, पण स्टेशनात ती केबिन सहसा पूर्ण थांबत नाही. हळूहळू सरकत असते, दार उघडं असतं आणि तेवढ्यात पाय आत टाकायचा. दुखऱ्या गुडघ्यांना तेच अवघड जातं. रांगेत असतानाच कर्मचाऱ्याला सांगून ठेवा, ते वेग कमी करतात, गरज पडली तर थांबवतातही.

रानवारा:
हे ठाऊकच नव्हतं! बाबांना बीपी आहे. उंचीचा त्रास होईल का?

सह्यमित्र:
वरचं स्टेशन किती उंच, त्यावर आहे. फ्रान्समधल्या शामोनीहून एग्वी द्यु मिदीला जाणारी केबल कार १,०३५ मीटरवरून ३,७७७ मीटरवर नेते, तेही साधारण वीस मिनिटांत. शरीराला सवय व्हायला वेळच मिळत नाही. तुमचं ठिकाण अडीच हजारांच्या वर असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय बाबांना नेऊ नका. हजार मीटर चढलं की तापमान साधारण सहा-साडेसहा अंशांनी उतरतं, म्हणून खाली उकडत असलं तरी स्वेटर हवेतच. लेकीचे कान दडे बसल्यासारखे झाले तर आवंढा गिळायला सांगा.

डोंगरवाट:
आणखी एक. वरच्या स्टेशनापासून कठड्यापर्यंत पायऱ्या किती आहेत, हे फोन करून नक्की विचारा. केबिन अलगद वर नेते आणि पुढे पायऱ्यांपाशीच माणूस अडतो. शेवटच्या केबिनची वेळही खालीच बघून ठेवा, आणि तिच्या आधी तासभर परतीच्या रांगेत लागा. शेवटी सगळ्यांची एकदम झुंबड उडते, तेव्हा आईंना उभं ठेवू नका. उतरताना त्यांना दरीकडे तोंड करून बसवा.