युद्धकाळात क्षयरुग्णांना दोन महिन्यांची औषधे आगाऊ द्यावीत का?

धंतोलीकर (धागालेखक): २४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने मोठा हल्ला केला, तेव्हा युक्रेन हा औषधांना दाद न देणाऱ्या क्षयाचे प्रमाण फार मोठे असलेल्या देशांपैकी एक होता. तेथील आरोग्यसेवकांनी अनेक रुग्णांना महिनाभराची किंवा त्याहून अधिक औषधे एकदम दिली आणि फोन व व्हिडिओवरून देखरेख चालू ठेवली, म्हणून घरदार सोडून निघालेल्या कित्येकांचा उपचार तुटला नाही. वायुसेनेचे अनुरक्षण मुख्यालय आणि अंबाझरीचा आयुध कारखाना असलेल्या नागपूरनेही हे ठरवून ठेवायला हवे. मे २०२५ मधील नागरी संरक्षणाच्या कवायतींच्या वेळी भोंगे आणि अंधारपट यांवर पुष्कळ बोलले गेले. क्षयरुग्णांचा उल्लेख मला कुठेच आढळला नाही.

मानेवाडा: मी असहमत आहे. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांपर्यंत जातो. टिनाच्या छताखाली, चुलीशेजारच्या फळीवर दोन महिने पडून राहिलेल्या गोळ्यांच्या गुणवत्तेची हमी कोण देणार? याच औषधांनी काही जणांना कावीळ होते. तेव्हा गोळ्या थांबवायला सांगणारे माणूस जवळ हवे. साठा महापालिकेच्या आरोग्य केंद्रातच ठेवावा आणि आशाताईंनी तो दर आठवड्याला पोहोचवावा.

धंतोलीकर: केंद्रच बंद पडले तर? शिवाय क्षयावर घरी राहून घेतलेला उपचार सॅनेटोरियममध्ये, म्हणजे क्षयरुग्णांच्या निवासी रुग्णालयात घेतलेल्या उपचाराइतकाच गुणकारी ठरतो, हे मद्रासच्या अभ्यासाने १९५९ मध्येच दाखवून दिले आहे.

मानेवाडा: तो दाखला अर्धाच दिलात. त्या रुग्णांच्या घरी अचानक जाऊन लघवी तपासली जात असे आणि उरलेल्या गोळ्या मोजल्या जात. यश देखरेखीसह मिळालेल्या घरगुती उपचाराचे होते, नुसत्या हाती दिलेल्या साठ्याचे नव्हते.

पाचपावली: दोघांच्याही बोलण्यातून रोगनिदानाचा मुद्दा सुटला आहे. क्षयाचे जंतू शोधणाऱ्या सीबीनॅट यंत्राला अखंड वीज लागते, तर त्याच कामाचे ट्रूनॅट यंत्र बॅटरीवर चालते. युक्रेनमध्ये ऑक्टोबर २०२२ पासून वीजकेंद्रांवर सातत्याने हल्ले झाले, हे पाहता ट्रूनॅट वस्त्यांजवळ असणे मला औषधसाठ्याइतकेच निकडीचे वाटते. तळघरात दाटीने बसलेल्या लोकांत निदान न झालेला एक खोकणारा रुग्णही पुष्कळांना बाधा देऊ शकतो.

मानेवाडा: हे मान्य. साठ्याबाबत मात्र मी एवढेच मागे येईन की उपचाराच्या पहिल्या दोन महिन्यांचा, चार औषधांचा टप्पा नजरेखाली पार पडावा आणि पुढच्या चार महिन्यांच्या टप्प्यात आगाऊ औषधे द्यावीत.

धंतोलीकर: मग ज्याच्या थुंकीत आज जंतू आहेत तोच रुग्ण सर्वांत उघडा पडतो. परिणामकारक औषधांनी बहुतेकांची संसर्गक्षमता काही आठवड्यांत झपाट्याने घटते; नेमक्या त्याच आठवड्यांत रस्ते बंद झाले, तर तुमच्या योजनेत त्याच्या हाती काहीच उरत नाही. त्याला निदान महिनाभराच्या गोळ्या आणि दुसऱ्या जिल्ह्यात दाखवता येईल असे उपचारपत्र पहिल्याच दिवशी मिळावे, यावर मी ठाम आहे.