मदत हवी आहे: ८ वर्षांचा रेसचा घोडा, पुढच्या पायाला सूज

प्रश्न
खच्ची घोडा, वजन ४८० किलो. पुण्याच्या सीझनमध्ये १,४०० मीटरच्या दोन रेस झाल्या. दुसऱ्या रेसनंतर सकाळी डाव्या पुढच्या पायाला गुडघ्याखाली, मागच्या बाजूला बोटभर लांब सूज आणि किंचित ऊब. दुडकीत लंगडत नाही. बर्फाने सूज उतरते, सकाळी परत येते. मुंबईत महालक्ष्मीच्या हिवाळी सीझनपर्यंत हलकं काम चालू ठेवलं तर चालेल का?

खरारा
काम आजच बंद. लंगडत नाही यावर जाऊ नका, टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, सूज आहे तिथेच) थोडं फाटलेला घोडा बरेचदा सरळच चालतो. पाय उचलून, गुडघा दुमडून, टेंडन अंगठा आणि बोटाच्या चिमटीत वरून खाली दाबत या. एका जागी पाय ओढला, तर तीच जागा. दुसऱ्या पायाशी ताडून पाहा.

बर्फ ओल्या फडक्यातून, २० मिनिटं, दिवसातून ३-४ वेळा. बँडेज दोन्ही पुढच्या पायांना, कारण भार आता उजव्यावर पडतोय. सोनोग्राफी आठवड्याभराने करा. पहिल्या एक-दोन दिवसांत इजा असते त्याहून लहान दिसते. तोवर दुखणं दाबणारं औषध देऊन पळवणं म्हणजे उरलेलं टेंडनही घालवणं.

नालबंद_पुणे
खूर बाजूने पाहा. पुढचा भाग लांब आणि टाच बसलेली असेल तर प्रत्येक टापेला टेंडन जास्त ताणलं जातं. नाल दर ४-५ आठवड्यांनी बदलायचीच, रेस नसली तरी. पावसाळी मऊ ट्रॅकवर खूर रुततो, तिथे हा दोष लगेच बाधतो.

प्रश्नकर्ता
फाटलेलं निघालं तर? आणि दाणा किती कमी करू?

खरारा
चौखूर धावताना टेंडनच्या गाभ्याचं तापमान ४५ अंशांपर्यंत चढतं. वर्षानुवर्षांची ती झीज भरून येत नाही. जखम भरते ती कडक ऊतीने, आणि पुढची फाट तिच्या शेजारी पडते. म्हणून पहिल्यांदा हातात धरून ५-१० मिनिटं चालवणं, ती वेळ आठवड्यागणिक थोडी वाढवणं, २-३ महिन्यांनी पुन्हा सोनोग्राफी. रेसला परतायला ९ ते १२ महिने. तेव्हा घोडा नऊचा. माझं मत, निवृत्त करा.

दाणा ४-५ दिवसांत निम्म्यावर आणा, एका वेळी २ किलोच्या वर नको. वाळलं गवत रोज ७-८ किलो, तीन-चार वेळा विभागून. उभ्या घोड्याला जुनाच दाणा चालू ठेवला तर पोटशूळाची भीती.

सोनोग्राफीत काळा डाग (फाटलेला भाग) टेंडनच्या किती टक्के भागात आहे ते इथे टाका.