मदत हवी आहे : एक सूक्ष्मदर्शक, बावन्न मुलं

नमस्कार मंडळी. मी यावल तालुक्यात नववी-दहावीला विज्ञान शिकवते. प्रात्यक्षिकाचे २० गुण वही बघून देता येतात, पण मला ते पटत नाही. पेशी फळ्यावर काढून दाखवणं वेगळं आणि पोराने स्वतः कांद्याचा पापुद्रा सोलून, सॅफ्रॅनिन या लाल रंगाचा थेंब टाकून भिंगाखाली विटांसारख्या रचलेल्या पेशी बघणं वेगळं.

गेल्या आठवड्यात केळीवर प्रयोग घेतला. निम्म्या मुलांच्या घरी केळीच्या बागा आहेत. कच्च्या केळावर आयोडीन टाकलं तर निळंकाळं झालं, पिकलेल्यावर रंग जेमतेम आला. स्टार्चची साखर होते हे मग सांगावंच लागलं नाही. एक मुलगी म्हणाली, "मॅडम, म्हणजे वखारीत केळी पिकवताना हेच होतं ना?" त्या दिवशी फार बरं वाटलं.

अडचण सूक्ष्मदर्शकाची. चालू स्थितीत एकच आहे. शेवटच्या मुलाचा नंबर येईपर्यंत स्लाइड वाळते, आपल्याकडच्या उन्हाळ्यात तर लगेचच. ग्लिसरीन वापरून तुम्हाला फरक पडला का? फोल्डस्कोप, म्हणजे घडी घालून बनवायचा कागदी सूक्ष्मदर्शक, वर्गात कुणी वापरलाय का, मुलांच्या हातात टिकतो का? आणि पर्णरंध्रांसाठी रिओ या शोभेच्या झाडाची पानं इथे मिळत नाहीत. पानावर नेलपॉलिश लावून ठसा घ्यायचा विचार आहे. त्यासाठी आपल्या भागातलं कोणतं पान चांगलं?

जळगाव, धुळे, नंदुरबारच्या शिक्षकांनी जरूर सांगा. पुढच्या सोमवारी तास आहे.