बक्षीसपत्राचे ३ लाख ३० हजार?? २०० रुपयांत होतं ना? (मदत हवी आहे, अर्जंट)

चिंचवडकर_सम्या
पटकन कोणीतरी सांगा. ताई फ्लॅट माझ्या नावावर करून देतेय, बक्षीसपत्राने. पैशाची देवाणघेवाण नाही, घरातल्या घरात आहे सगळं. रक्ताच्या नात्यात २०० रुपयांच्या मुद्रांकावर होतं असं सगळीकडे वाचलं. वकिलांनी काल कागदावर लिहून दिलं: ३ लाख ३० हजार. पानांचे वेगळे, त्यांची फी वेगळी. एवढं कसं विचारलं तर म्हणे "सरकारने सगळंच वाढवलंय." बँकेचं कर्जाचं मंजुरीपत्र महिनाअखेरपर्यंतच चालणार आहे. आकडा बरोबर आहे का, आणि कमी कसा होईल? कृपया "वकिलांना विचारा" सांगू नका, त्यांनाच विचारून आलोय.

कोपऱ्यावरचा_गण्या
लुटतायत. वकील बदला. मला वडिलांनी फ्लॅट दिला तेव्हा २०० मुद्रांक आणि २०० नोंदणी फी. विषय संपला.

दस्तवाले_नाना
गण्याभाऊ, तुमचा फ्लॅट ग्रामपंचायत हद्दीत होता की महापालिकेच्या? महापालिका असेल तर २०० वर विषय संपत नाही. स्थानिक संस्थेचा १ टक्का आणि मेट्रोचा १ टक्का अधिभार बाजारमूल्यावर लागतो, बक्षीसपत्रालाही. २०० हा फक्त मूळ मुद्रांक.
सम्या, चार गोष्टी सांगा: फ्लॅट कुठे, रेडी रेकनरने (सरकारी दरपत्रकाने) किंमत किती, राहता फ्लॅट की ऑफिस, आणि नक्की कोणाकडून कोणाला.

कोपऱ्यावरचा_गण्या
आमचा हिंजवडीच्या पुढे. पण तत्त्व तेच आहे ना.

मेघना_ठाणे
सोप्पं आहे. वहिनींच्या नावावर घ्या, महिलांना १ टक्का सूट आहे. एप्रिल २०२१ पासून. पूर्वी १५ वर्षं पुरुषाला विकता यायचं नाही, ती अटही काढली आता.

दस्तवाले_नाना
मेघनाताई, ती सूट खरेदीला. बक्षीसपत्राला नाही.

मेघना_ठाणे
मग खरेदीखत करा ना सरळ.

दस्तवाले_नाना
करा. ७ टक्के भरा, सुटीचा १ वजा करा, ६ राहतात. ताईंना मोबदला बँकेतून दाखवा, त्यावर त्यांना भांडवली नफ्याचा कर. स्वस्त पडलं का बघा.

चिंचवडकर_सम्या
वर लिहिलंय की ताईकडून मला. चिंचवड, टू बीएचके, आम्ही राहतो तिथे. किंमत वकिलांनी ६० लाख धरलीय.

अंकगणित_कच्चं
६० लाखांवर २ टक्के अधिभार म्हणजे १ लाख २० हजार. तरी ३ लाख ३० होत नाहीत. २ लाख १० कुठून आले? नोंदणी फी ३० हजार धरली तरी १ लाख ८० उरतात. १ लाख ८० म्हणजे बरोब्बर ३ टक्के!

दस्तवाले_नाना
शाब्बास. कच्चं नाहीये तुमचं.
सम्या, वकिलांनी हिशेब चुकवलेला नाही. २०० ची सवलत आहे नवरा, बायको, मुलगा, मुलगी, नातू, नात आणि मयत मुलाची बायको एवढ्यांसाठीच, आणि तीही राहती किंवा शेतीची मिळकत असेल तर. भाऊ-बहीण त्यात नाहीत. भावाबहिणीला ३ टक्के. मुलाने आईला दिलं तरी ३ टक्के, ती २०० वाली यादी खालच्या पिढीकडे जाते, वरच्या पिढीकडे नाही. म्हणजे ३ अधिक १ अधिक १, झाले ३ लाख. नोंदणी फी १ टक्का पण कमाल ३० हजार. पानांचे पैसे म्हणजे दस्त हाताळणी शुल्क, ते एप्रिल २०२५ पासून पानाला २० चं ४० झालंय. ४० पानांचा दस्त म्हणजे १६०० रुपये.

कोपऱ्यावरचा_गण्या
बहीण रक्ताचं नातं नाही? काय कायदा आहे राव.

परदेशी_पाटील
इथे न्यू जर्सीत काय वेगळं आहे? १० लाख डॉलरच्या वरच्या घरावरचा कर आधी घेणारा भरायचा. १० जुलै २०२५ पासून तो विकणाऱ्याच्या बोकांडी बसवला आणि टप्पे केले. ३५ लाख डॉलरच्या वर गेलात तर साडेतीन टक्के. सगळी सरकारं सारखीच.

मेघना_ठाणे
पाटील, तुमचं ३५ लाख डॉलरचं घर आहे का हो?

परदेशी_पाटील
नाही. माहिती म्हणून सांगितलं.

डिसेंबरवाला
आम्ही डिसेंबर २०२० ला उरकून घेतलं. तेव्हा मुद्रांक ५ चा २ टक्क्यांवर आणला होता, मार्चपर्यंत मग ३. लोकांनी तेव्हा झोपा काढल्या आणि आता ओरडतायत. त्यात रेडी रेकनरही १ एप्रिल २०२५ ला वाढला, पिंपरी-चिंचवडला ६.६९ टक्के. पुणे महापालिकेला ४.१६. सोलापूरला तर १० च्या वर.

चिंचवडकर_सम्या
डिसेंबरवाले, २०२० मध्ये बाबांचं वर्षश्राद्धही व्हायचं होतं, तेव्हा कुणाच्या डोक्यात मुद्रांक? नानांनी सांगितलं ते समजलं, पण मला मार्ग हवाय. भरायचेच असतील तर इथे कशाला विचारलं असतं.

शेअर_सर्टिफिकेट
थांबा. बाबांचं? फ्लॅट मुळात कोणाचा होता?

चिंचवडकर_सम्या
बाबांचाच. ९८ सालचा करारनामा. ते गेल्यावर सोसायटीने ताईच्या नावावर केला, नॉमिनी तीच होती. आता त्याने काय फरक पडतो?

शेअर_सर्टिफिकेट
सगळा फरक पडतो! आमच्या सोसायटीत सचिव होतो, हे किती वेळा समजावलंय. शेअर सर्टिफिकेट उलटं करा. मागच्या कोष्टकात बाबांच्या नावासमोर हस्तांतरणाची नोंद, खाली ताईंचं नाव, सचिव-अध्यक्षांच्या सह्या, असंच दिसतंय ना? ती सोसायटीच्या दफ्तरातली नोंद आहे, मालकी नाही. नॉमिनी म्हणजे चावी सांभाळणारा शेजारी. घर वारसांचंच. ताई पूर्ण फ्लॅट बक्षीस देऊच शकत नाहीत, कारण पूर्ण फ्लॅट त्यांचा नाहीच.

दस्तवाले_नाना
आणि हे वकिलांना सांगितलं होतं का?

चिंचवडकर_सम्या
त्यांनी कागद मागितले, मी शेअर सर्टिफिकेटची पुढची बाजू व्हॉट्सअॅप केली. ताईचं नाव आहेच की त्यावर.

दस्तवाले_नाना
आता मला चहा लागेल.
सम्या, बक्षीसपत्र विसरा. हक्कसोडपत्र करायचं. वारस आपला हिस्सा तुमच्या लाभात सोडतात. वडिलोपार्जित मिळकत, भाऊ-बहीण-आई-मुलं या नात्यात, मोबदला न घेता, तर मुद्रांक ५०० रुपये. ऑक्टोबर २०२४ ला वाढवला तो. नोंदणी फी आणि पानांचे वेगळे. वाढवूनही ३ लाखांपुढे काहीच नाही.
वारस कोण कोण? मृत्युपत्र आहे का?

चिंचवडकर_सम्या
मृत्युपत्र नाही. मी आणि ताई.

शेअर_सर्टिफिकेट
आणि आई?

चिंचवडकर_सम्या
आई आहे, इथेच राहते. तिचं काय? तिला काही नकोय.

शेअर_सर्टिफिकेट
नको असलं तरी तिचा हिस्सा आहे! पत्नी, मुलगा, मुलगी, तिघांना समान. तुमचा एक तृतीयांश आधीच तुमचाच आहे. ताई आणि आई दोघींनी हक्क सोडायचा, एकाच दस्तात चालतं. आईची सही नसेल तर बँकेचा वकील मालकीच्या शोध अहवालात तिथेच बोट ठेवेल.

कायद्याचं_बोला
नानांना एक आडवा प्रश्न. बाबांनी स्वतःच्या पगारातून घेतलेला फ्लॅट वडिलोपार्जित कसा? ती स्वकष्टार्जित मिळकत. माझ्या मित्राचा दस्त दुय्यम निबंधकांनी (दस्त नोंदवणारे अधिकारी) याच मुद्द्यावर अडवला होता.

दस्तवाले_नाना
मुलाच्या हातात वारशाने आली की वडिलोपार्जितच. आमच्याकडे रोज असे दस्त होतात.

कायद्याचं_बोला
रोज होतात म्हणून कायदा होत नाही. टेबलावर कोण बसलंय त्यावर ठरतं. घासाघीस नको असेल तर आधी मसुदा मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे कलम ३१ खाली अभिनिर्णयाला द्या. ते लेखी ठरवून देतात, मग खिडकीवर वाद नाही.

दस्तवाले_नाना
महिनाअखेरपर्यंत? अभिनिर्णय? आहे का वेळ त्यांच्याकडे? मसुदा घेऊन दुय्यम निबंधकांना आधी भेटा, मूळ करारनामा, मृत्यू दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र दाखवा. ते ५०० म्हणाले तर तारीख घ्या. नाही म्हणाले तर मग कलम ३१.

अंकगणित_कच्चं
आणि समजा अडलंच आणि बक्षीसपत्रच करायची वेळ आली, तरी ६० लाखांवर नाही. सोडला जाणारा हिस्सा ४० लाखांचाच. ५ टक्के म्हणजे २ लाख. शिवाय आईचा २० लाखांचा हिस्सा मुलाला जातोय, तो तर २०० च्या यादीत बसतो. त्याचे ६० हजार वाचतात. १ लाख ४० वर येतं, फी सोडून.

कोपऱ्यावरचा_गण्या
मी पहिल्यापासून सांगत होतो वकील बदला.

मृत्युपत्र_समर्थक
आईने मृत्युपत्र करून ठेवावं. मुद्रांक शून्य, नोंदणी १०० रुपये. लोक उगाच जिवंतपणी सगळं देऊन टाकतात आणि मग म्हातारपणी... जाऊ दे.

दस्तवाले_नाना
मृत्युपत्रावर बँक या महिन्यात कर्ज देईल का?
पण मुद्दा अगदीच वाया घालवण्यासारखा नाही. सम्या, कर्ज कशासाठी? आणि फ्लॅट एकट्याच्याच नावावर हवा हे बँकेने लेखी दिलंय का?

चिंचवडकर_सम्या
दुकान वाढवायला, फ्लॅट तारण. बँकेतला मुलगा फोनवर म्हणाला एकाच्या नावावर असला तर सोपं पडेल.

शेअर_सर्टिफिकेट
सोपं त्याला. तिन्ही वारस सहकर्जदार किंवा जामीनदार राहिले तरी बऱ्याच बँका घेतात. मग आत्ता हक्कसोडपत्राची घाईच नाही. पण ताईला तुमच्या दुकानाच्या कर्जावर सही करायची आहे का, हे तिला विचारा. तुम्ही उत्तर देऊ नका.

कायद्याचं_बोला
तारणाचाही खर्च धरा. मूळ कागद बँकेत ठेवून गहाण टाकलं की कर्जाच्या रकमेवर वेगळा मुद्रांक, आणि नोंदणी कायद्याच्या कलम ८९ब खाली गहाणाची नोटीस ३० दिवसांत दाखल करायची. ती जबाबदारी कर्जदाराची, बँकेची नाही. एप्रिल २०१३ पासून आहे, एकाच फ्लॅटवर लोक दोन-तीन बँकांची कर्जं उचलत होते म्हणून आणली. बहुतेक बँका ऑनलाइन करून देतात आणि पैसे तुमच्याकडून घेतात. पावती मागून घ्या. दाखल केली नाही तर कैदेची तरतूद आहे, दंडावर भागत नाही.

चिंचवडकर_सम्या
बरं. ताईशी बोललो. ती म्हणते सहकर्जदार नको, सोडून देते, पण लवकर कर. उद्या मसुदा बदलायला सांगतो. एकच अडचण, आईला गुडघ्यांमुळे दोन मजले उतरता येत नाहीत, आणि नोंदणीच्या ऑफिसलाही लिफ्ट नाही.

दस्तवाले_नाना
गृहभेटीचा अर्ज करा. आजारी किंवा चालता न येणाऱ्यांसाठी अधिकारी घरी येऊन कबुली घेतात, त्याची वेगळी फी आहे. डॉक्टरांचा दाखला जोडा. आईंचं आधार कार्ड आणि दोन ओळखीचे साक्षीदार घरी हजर ठेवा. बोटांचे ठसे उमटत नसतील तर आधीच सांगून ठेवा, म्हाताऱ्या माणसांचं यंत्रावर येत नाही बऱ्याचदा.

गाळा_नंबर_७
याच धाग्यात विचारतो. सासऱ्यांचा बाजारातला गाळा माझ्या नावावर करायचाय, २०० रुपयांत होईल ना?

मेघना_ठाणे
नवीन धागा काढा हो. आणि जावई त्या यादीत नाही, एवढं मलाही कळलं आता.