परागीभवन झालं की पाकळीचं काम संपतं?

वर कुणीतरी म्हटलंय की परागीभवन झालं की पाकळ्यांचं काम संपलं, मग झाड त्या टाकून देतं. बऱ्याच फुलांच्या बाबतीत खरंय ते, पण टणटणी (आमच्याकडे घाणेरी म्हणतात) बघा एकदा नीट. रस्त्याकडेला कुठेही मिळेल, फक्त वास हाताला चिकटतो त्याची तयारी ठेवा. नेहमीच्या गुलाबी-पिवळ्या जातीत गुच्छाच्या मधली फुलं पिवळी आणि कडेची गुलाबी दिसतात, मला कित्येक वर्षं वाटायचं की ही दोन रंगांची वेगवेगळी फुलं आहेत. तसं नाहीये, फूल उमलतं पिवळंच, आणि परागीभवन झालं की त्याच पाकळ्यांत अँथोसायनिन (लाल-जांभळा रंग देणारं रंगद्रव्य) तयार होऊन त्या गुलाबी होतात. मध असतो तो मुख्यतः पिवळ्या फुलांत, आणि फुलपाखरंही बहुतेक पिवळ्यांवरच सोंड लावतात. म्हणजे गुलाबी फुलं गळत का नाहीत, तर लांबून गुच्छ मोठा दिसावा म्हणून, आणि जवळ आल्यावर गिऱ्हाइकाला बरोबर दुकान कळावं म्हणून!

अजून एक, यातलं एक फूल उपटून बघितलं तर पाकळ्या सुट्या निघतच नाहीत, खाली सगळ्या जुळून बारीक नळी झालेली असते साधारण सेंटिमीटरभर, वर फक्त चार टोकं पसरलेली. लहानपणी आम्ही ती नळी मागून चोखायचो, आणि गोड लागायची ती पिवळीच, गुलाबीत काही राम नसायचा.